दिवाळसणाचा हार्नेस

आमच्या यार्डात श्रीपती गायधनी हे नाव फक्त पगाराच्या कागदावर आहे. साडेचारशे माणसं मला 'नीचे आओ साहब' म्हणतात, तेही मी ऐकतोय हे माहीत असताना. गेली चोवीस वर्षं मी कतारमध्ये सेफ्टीच्या नोकरीत आहे. उंचावर कुणी हूक न लावता दिसला की मी खालून ओरडतो, "नीचे आओ." समोर फोरमन असो की क्लायंटचा इंजिनिअर, मला फरक पडत नाही. भीडभाड ठेवून सेफ्टी होत नाही, असं मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो. हे सगळं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी काय केलं ते वाचताना तुम्हाला माझी कीव येणार नाही.

हार्नेस म्हणजे खांद्यांवरून, मांड्यांमधून आणि कमरेभोवती जाणारा पट्ट्यांचा सांगाडा. माणूस वरून घसरला तर तो त्याला हवेत धरून ठेवतो. पण एकदा माणूस धरला की हार्नेसचं आयुष्य संपलं. वरून तो कितीही धड दिसला तरी आतली शिवण दुखावलेली असते. म्हणून नियम असा, की तो त्याच दिवशी कात्रीने कापून टाकायचा आणि रजिस्टरला 'नष्ट केला' असं लिहायचं. कापायचं काम माझं, आणि तेच माझ्याच्याने होत नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणाऱ्या घरात मी वाढलो. चांगल्या बकलांचा, चांगल्या कापडाचा पट्टा कात्रीखाली धरला की माझा हात थांबतो.

मार्चमध्ये दोन हार्नेस बाद झाले. एकाची नुसती तारीख संपली होती. दुसरा फजल नावाच्या आमच्या रिगरचा, म्हणजे क्रेनला जड माल बांधून वर चढवणाऱ्याचा. फजल तुळईवरून घसरला, हार्नेसने त्याला धरलं, आणि लटकताना तुळईच्या धारेवर कमरेचा पट्टा उजव्या कडीपाशी निम्मा कापला गेला. फजलला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मी रजिस्टरला दोन्हींपुढे 'नष्ट केला' लिहिलं, सही ठोकली आणि दोन्ही हार्नेस गाडीच्या डिकीत टाकून अल हिलालला घरी आणले. कधीतरी सामान बांधायला होतील, एवढाच विचार होता. दोन्ही निळे, एकाच बनावटीचे. फजलचा खाली आणि तारखेचा वर, असे मी ते कपाटाच्या तळाच्या कप्प्यात ठेवून दिले.

पुढे दिवाळसण आला. आमच्या पूर्णिमाचं लग्न जानेवारीत झालं होतं. जावई कौशिक पुण्याचे, इथे दोन वर्षांच्या कंत्राटावर आयटीत, राहायला अबू हमूरला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावयाला काहीतरी घसघशीत द्यायचं असतं. मी अंगठीचं विचारलं तर ते लाजले, आणि बऱ्याच आग्रहानंतर म्हणाले की त्यांना मचाण हवंय. अमेरिकेतले शिकारी झाडाला बांधून त्यावर हरणांची वाट बघत बसतात तसलं, लोखंडी फळी आणि छोटी खुर्ची असलेलं. शिकार मात्र कॅमेऱ्याची. थंडीत उत्तरेकडच्या शेतांवर स्थलांतर करून आलेले ससाणे उतरतात, त्यांचे फोटो त्यांना त्यांच्याच उंचीवरून काढायचे होते.

मी मचाण मागवलं. खोक्यात त्यासोबत एक नवाकोरा हार्नेस होता, पातळ पट्ट्यांचा. मी तो दोन बोटांनी उचलून अंजनाला, म्हणजे माझ्या बायकोला, दाखवला आणि म्हटलं की असल्या नाड्यांवर माझा जावई लटकणार नाही, त्यांना आमच्या कामावरचा देऊ. तळाच्या कप्प्यातला निळा काढ आणि छान बांध, एवढं सांगून मी अंघोळीला गेलो. दिवाळीच्या आवराआवरीत तिने तो कप्पा रिकामा करून पुन्हा लावला होता, हे मला ठाऊक नव्हतं. दोन निळे आहेत हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिने वरचा घेतला, सोनेरी कागदात बांधला, वर कुंकवाचं बोट लावलं. ओवाळून झाल्यावर मी तो कौशिकरावांच्या हातात देताना म्हणालो, "याच्यावर आमची माणसं जीव टाकतात." सगळे हसले. पूर्णिमाने फोटो काढला.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी आम्ही चौघं अल रुवैसजवळच्या एका शेतावर गेलो. शेत कंपनीच्या ओळखीतल्या एका कतरी गृहस्थांचं. ते स्वतः फारसे येत नाहीत. मुलतानकडचा जहूर ते सांभाळतो. खजुरांना पाणी द्यायचं एक तळं आहे, त्यावर पक्षी येतात, आणि तळ्याच्या कडेला वारा अडवायला लावलेल्या सुरूच्या झाडांची रांग आहे. जहूर खजुरावर चढून वाळलेल्या झावळ्या कापत होता. त्याने वरूनच सलाम केला. अंजना आणि पूर्णिमाने गाडीच्या सावलीत सतरंजी टाकली.

कौशिकरावांनी हार्नेस घातला आणि त्यावर कॅमेऱ्याचं खिशांचं जाकीट चढवलं. त्याआधी मी पट्ट्यांवरून बोटं फिरवून, घड्या उलटून पाहायला हवं होतं. यार्डात मी ते उंचावर चढणाऱ्या दीडशे माणसांकडून रोज करून घेतो. इथे मी फक्त छातीचं बकल ओढून पाहिलं आणि भाषण सुरू केलं. मचाणावरून माणसं पडतात ती बसल्यावर नाही, चढता-उतरताना आणि बांधताना पडतात, म्हणून जमिनीवरून पाय उचलण्याआधीच खोडाभोवतीचा पट्टा कमरेच्या दोन्ही कड्यांना अडकवायचा. दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, एवढे कायम टेकलेले हवेत. हातात काही घेऊन चढायचं नाही, सामान नंतर दोराने ओढायचं. ते गुणी विद्यार्थ्यासारखे ऐकत होते, आणि मला फार बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, जावयासमोर आपण मोठे आहोत हे दाखवायला मिळाल्याचा तो आनंद होता.

त्यांनी शिडीचे तुकडे एकावर एक खोडाला बांधले आणि चढत गेले. खोडाभोवतीचा पट्टा हातभर वर सरकवायचा, एक पायरी चढायची, पुन्हा पट्टा. सगळं बिनचूक. वीस फुटांवर ते थांबले, कमरेला बांधलेल्या दोराने मचाण वर ओढून घेतलं आणि खोडाला लावलं. आता दोन्ही हात कामाला हवेत. त्यांनी अंग मागे टाकलं आणि सगळा भार कमरेच्या दोन कड्यांवर देऊन ते मचाणाचा पट्टा आवळायला लागले.

नऊ वाजून गेले होते आणि ऊन चढलं होतं. मचाण जरा बसल्यावर त्यांनी जाकीट काढलं, "खाली बघा हं," म्हणाले आणि सोडून दिलं. ते माझ्या पायाशी पडलं. मी वर पाहिलं, आणि त्यांच्या पाठीवर मला लाल पट्टी दिसली.

पाठीवरच्या कडीखाली हार्नेसच्या पट्ट्याची एक घडी शिवलेली असते. हार्नेसने एकदा माणूस धरला की ती शिवण उसवते आणि आतली लाल पट्टी बाहेर येते. आंधळ्यालाही कळावं म्हणून ती लाल. तारखेने बाद झालेल्या हार्नेसला ती दिसत नाही. म्हणजे तो फजलचा होता. म्हणजे उजव्या कडीपाशी, कमरेच्या मऊ गादीखाली झाकलेला, पट्टा निम्मा कापलेला होता, आणि त्या निम्म्यावर माझा जावई वीस फुटांवर रेलून उभा होता. खाली वाळू नव्हती. तळ्याचा सिमेंटचा कठडा होता.

हे लिहायला लाज वाटते, पण पहिला विचार त्यांच्या जिवाचा आला नाही. सोनेरी कागदाचा आला. सासऱ्याने दिवाळसणाला टाकाऊ हार्नेस दिला, हे पुण्यापर्यंत जाईल. दुसरा विचार रजिस्टरवरच्या सहीचा. चोवीस वर्षं कुणालाही बिनदिक्कत 'नीचे आओ' म्हणणारा मी, तोंड उघडलं ते असं:

"कौशिकराव, या खाली. चहा झालाय."

चहा झालेला नव्हता. अंजना डब्यांची झाकणं उघडत होती, तिने माझ्याकडे चमकून पाहिलं. कौशिकराव वरून म्हणाले की पाचच मिनिटं, पट्टा आवळला की येतोच. जावई पाहुणे. त्यांच्यावर ओरडायचं नसतं. मी घसा खाकरला आणि आणखी एक खोटं रचलं. खोडाभोवतीचा पट्टा मला खालून सैल वाटतोय, आधी उतरा, मी बघतो, असं म्हणालो.

मी माणसांना इतकी वर्षं शिकवतोय, तरी हे मला सुचलं नाही की पट्टा सैल आहे म्हटल्यावर शिकलेला माणूस काय करेल. तो ओढून बघेल. कौशिकरावांनी दोन्ही हात सोडले, कंबर मागे नेली आणि सगळ्या वजनानिशी पट्ट्याला झटका दिला.

"बघा बाबा, पक्का आहे," ते म्हणाले, आणि माझी खात्री पटावी म्हणून पुन्हा एक झटका दिला.

तो दुसरा झटका मी अजून विसरलेलो नाही. उजवी कडी बोटभर खाली आली. मला ते दिसलं, त्यांना नाही. माझी लाज तिथे संपली. संपली म्हणजे उरली, पण तिच्याकडे बघायला वेळ राहिला नाही.

"हलू नका. झाडाला मिठी मारा, दोन्ही हातांनी, आत्ता. मागे अजिबात रेलू नका. हार्नेस बाद झालेला आहे. मार्चमध्ये एक माणूस त्यात पडलेला आहे, उजवीकडचा पट्टा कापलेला आहे. मी तुम्हाला दिलाय तो."

पूर्णिमा सतरंजीवरून उठली ते मला आवाजावरून कळलं, मान वळवायची माझी छाती नव्हती. कौशिकरावांनी झाडाला मिठी मारली. गाल खोडाला टेकला. पायरी जेमतेम पाऊलभर रुंद, आणि तिच्यावर त्यांचा डावा पाय थरथरायला लागला. आधी टाच, मग गुडघ्यापर्यंत. हे मी यार्डात पाहिलंय. भीती पायात उतरली की माणसाकडे फार वेळ नसतो.

ते तसेच उतरू शकत नव्हते. उतरायचं तर प्रत्येक पायरीला एक हात सोडून पट्टा खाली घ्यावा लागणार, आणि थरथरत्या पायावर एक हात सोडला की भार पुन्हा त्याच कडीवर. मी वर जावं तर शिडीवर एकाचीच जागा. गाडीत दुसरा हार्नेस नाही. नवाकोरा अल हिलालला, तो मीच हिणवून बाजूला टाकलेला. सव्वाशे किलोमीटरवर. काही घडलं तर वरच्या माणसाला कसं उतरवायचं हे आधी ठरवल्याशिवाय मी यार्डात कुणाला शिडीला हात लावू देत नाही. इथे मी चकल्या मोजून आणल्या होत्या.

जहूर माझा आवाज ऐकून खजुरावरून उतरून धावत आला होता. त्याच्या कमरेला खजुरावर चढायचा पट्टा तसाच होता, पाठीला टेकायला विणलेली रुंद पट्टी, दोन्ही बाजूंना मनगटाएवढा दोर, एका टोकाला फास आणि दुसऱ्याला लोखंडी आकडा. मी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने न विचारता तो सोडला. मचाण ओढायच्या दोराचं एक टोक अजून कौशिकरावांच्या कमरेला होतं, मचाणापासून सोडलेलं दुसरं खाली लोंबत होतं. मी त्याला जहूरचा पट्टा बांधला. माझे हात इतके घामेजले होते की रोज शिकवतो ती गाठ मला दोनदा मारावी लागली.

कौशिकरावांना मी सांगितलं की एका हाताने दोर ओढा, पट्टा काखेखालून पाठीमागे घ्या आणि मग आकडा खोडाला वळसा घालून पलीकडून पकडा. त्यांनी डोळे उघडले, पण माझ्याकडे पाहिलं नाही. पट्टा वर गेला. डाव्या हाताने मिठी, उजव्या हाताने आणि दातांनी पट्टा पाठीमागे. एवढं जमलं. मग त्यांनी आकडा खोडामागून फेकला. डाव्या हाताची बोटं नुसतीच हवेत मिटली. आकडा परत येऊन खोडावर आपटला. पायाची थरथर वाढली होती, शिडीचा तुकडा आता खडखड वाजत होता.

"कौशिक, परत टाक," पूर्णिमा म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

दुसऱ्या खेपेला आकडा बोटांना लागला आणि निसटला. तिसऱ्या खेपेला त्यांनी तो पकडला, छातीपाशी आणला आणि फासात अडकवला. मी श्वास सोडला आणि म्हणालो की आता त्या पट्ट्यावर रेला, म्हणजे पाय मोकळा होईल. ते रेलेनात. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी खोड आणखी घट्ट धरलं. मी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते खोडाशीच बोलल्यासारखे म्हणाले, "याची तरी खात्री आहे का?"

ते मला विचारत नव्हते. माझ्या खात्रीची किंमत त्यांना कळली होती. जहूर पुढे झाला, डोक्यावरचं फडकं काढून त्याने तोंड पुसलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "भाईजान, इसी पे मैं रोज़ लटकता हूँ. मेरे भी बच्चे हैं. आराम से पीछे आओ."

ते मागे आले. एक वीत, मग हातभर. जाड दोर खोडात रुतला आणि कुरकुरला. त्याच क्षणी डावा पाय पायरीवरून सटकला, सगळं अंग उजवीकडे फिरलं, आणि कापड फाटल्याचा आवाज आला. हार्नेसची उजवी कडी पट्ट्यासकट उपटून निघाली आणि खोडाभोवतीचा पट्टा एका बाजूने लोंबायला लागला. अंजनाने माझा दंड इतका घट्ट धरला की चार दिवस वळ राहिले. कौशिकराव पडले नाहीत. जहूरच्या पट्ट्यात काखेत अडकून ते झाडाला लटकत राहिले, पायांनी पायरी चाचपत. जहूर खालून एकेक शब्द सांगत होता, बायाँ, थोड़ा नीचे, बस. मी गप्प होतो. माझ्या आवाजाने त्यांचं काही भलं झालं नसतं.

वीस फूट उतरायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली. पाय जमिनीला टेकल्यावर ते उभे राहू शकले नाहीत. पूर्णिमाने त्यांना धरून कठड्याला टेकवून बसवलं आणि पट्ट्यांची बकलं सोडायला लागली, पण तिच्या हातांना ती उघडेनात. जहूरने ती उघडली. अंजनाने पाणी दिलं. मी चार पावलांवर उभा राहिलो, जवळ जायचा हक्क आहे की नाही हे न कळून.

पाणी पिऊन झाल्यावर कौशिकरावांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग असता तर मला सोपं गेलं असतं. ते हिशेब लावत होते.

"बाबा, चहा झालाय म्हणालात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

हा प्रश्न मी स्वतः किती फोरमनना विचारलाय. अपघाताच्या चौकशीत सगळे एकच उत्तर देतात, त्या क्षणीच कळलं साहेब, लगेच ओरडलो. तेच मलाही म्हणता आलं असतं, कुणी पकडू शकलं नसतं. लाल पट्टी कधी दिसली ते मला एकट्यालाच ठाऊक होतं. पण त्या माणसाच्या हाताची बोटं अजून खोडाभोवती असल्यासारखी वाकलेली होती.

"हो," मी म्हणालो. "माहीत होतं. लाज वाटली म्हणून चहा म्हणालो. मग पट्टा सैल आहे म्हणालो, तेही खोटंच. तुम्ही झटका दिलात तो माझ्या खोट्यामुळे."

तळ्यावर काहीतरी उतरलं आणि उडालं, कौशिकरावांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पूर्णिमाचा हात धरला आणि थकलेल्या आवाजात म्हणाले, "जाऊ दे. शेवटी सांगितलं म्हणून मी खाली आहे."

पूर्णिमा माझी एकुलती एक मुलगी. लहानपणापासून मैत्रिणींना सांगायची की माझे बाबा लोकांना पडू देत नाहीत. तिने माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाली, "त्यांना ते आठ महिन्यांपूर्वीच माहीत होतं."

कौशिकरावांनी मान खाली घातली. चोवीस वर्षांत मी अपघातांचे पुष्कळ अहवाल लिहिले, पानंच्या पानं. इतक्या थोडक्यात आणि इतकं अचूक कारण मला एकदाही लिहिता आलं नव्हतं. जहूरने आपला पट्टा उचलला, दोरावर पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत अंगठा फिरवून पाहिला, आणि मग तो खजुराकडे परत गेला.